प्लाता नायरा: शंभर वर्षं आणि एक उन्हाळा

१२ मार्च

इतिहास लिहायला आले होते. सूप ढवळतेय.

नीट लिहिते. दुमेंगकाका म्हणालेत, "इतिहासकार बाई, रोजचं रोज लिहून ठेवत जा, आठवणीवर भरवसा ठेवू नकोस." दुमेंगकाका आमच्या गिर्यारोहण मंडळाचे अध्यक्ष. चाळीस वर्षं पोस्टमन होते, लोकांना पत्रं पोचवायचे. आता कामं पोचवतात. प्लाता नायराच्या चामानेला, म्हणजे डोंगर चढणाऱ्यांच्या मुक्कामाच्या घराला, येत्या सप्टेंबरात शंभर वर्षं होतायत, तिचं पुस्तक मी लिहायचं. जुन्या वह्या सगळ्या इथेच, २४६० मीटरवर. त्या खाली न्यायच्या नाहीत असा नियम. म्हणून आठ दिवसांसाठी वर आले बार्ब्ला आत्याकडे. आत्या इथली चामानावाली, एकतीस वर्षं झाली.

आज सकाळी आत्या दारासमोरच्या बर्फावर घसरली आणि गुडघा गेला. हेलिकॉप्टर आलं. तिला स्ट्रेचरला बांधलं, वर ओढून घेतलं, पंख्याचा तो कानठळ्या बसवणारा आवाज, आणि त्यावरही चढलेला आत्याचा आवाज: "सेराइनाऽऽ! बार्लीचं सूप! खाली लागू देऊ नकोस!"

लागलं.

संध्याकाळी सव्वीस स्कीवाले दमून, लाल नाकांनी आत आले. मी सांगून टाकलं, की सूप करपलंय, करणारी हवेत गेलीये, आणि मी इतिहासाची पदवीधर आहे. एक म्हातारा गाइड म्हणाला, "मग जुनं झालंय म्हण, पोरी. वाढ."

सगळ्यांनी दोनदा घेतलं. भूक म्हणजे काय ते आज कळलं.

१३ मार्च

पाच वाजता उठून सव्वीस जणांच्या बाटल्यांत चहा भरला. साखर घातलेला, वाटेसाठी. हा चहा फुकट असतो, ज्यानं वर रात्र काढली त्याचा तो हक्कच. मी विसरले असते, पण त्यांनी बाटल्या ओळीनं मांडूनच ठेवल्या होत्या, मंदिराबाहेरच्या चपलांसारख्या. (ही उपमा मंडळाच्या पुस्तकात चालणार नाही. एक वर्ष पुण्यात शिकले ते असं मधूनच बाहेर येतं.)

२ एप्रिल

आत्याचं ऑपरेशन झालं. फोनवर म्हणाली, "ईस्टरपर्यंत बघ गं जरा."

"आत्या, आठ दिवस म्हणाले होते मी."

"हो ना. तेच सांगतेय. तीन आठवडे झालेत, आणखी दोन काय."

राहिले.

दुमेंगकाका पाव घेऊन वर आले, स्कीवर, सत्तरी ओलांडलेले. पाठीवर बारा पाव आणि तोंडात बातमी. आत्या या वर्षीनंतर चामाना सोडतेय. मंडळाची सभा दहा सप्टेंबरला, शताब्दीच्याच दिवशी, इथेच. तोवर नवीन चामानावाला मिळाला नाही तर स्वयंपाकघराला कुलूप. मग फक्त हिवाळ्याची खोली उघडी राहील, बारा गाद्या आणि एक शेगडी. येणाऱ्यानं आपलं आपण बघायचं.

"म्हणजे चामाना मरणार," मी म्हटलं.

"मरणार कशाला? झोपेल."

"काका, शंभराव्या वाढदिवशी झोपवणार तुम्ही तिला?"

"म्हणून तर जाहिरात दिलीये. तू पुस्तक लिही."

मला काय! मला ऑक्टोबरच्या एक तारखेपासून झ्युरिकला नोकरी आहे. एका विमा कंपनीचं जुनं दप्तर लावायचं. गरम खोली, लिफ्ट, शनिवार-रविवार सुट्टी. यापूर्वी प्रबंध अर्धा टाकला, बेकरीतली नोकरी अर्धी टाकली, आणि मातिआस. तो तर मला वाटतं पाऊणच होता. ही नोकरी पूर्ण करायची असं ठरवलंय. लिहून ठेवते म्हणजे खरं होईल.

१९ एप्रिल

ईस्टर संपला. शेवटचे स्कीवाले गेले. दारं-खिडक्या बंद करून मीही उद्या खाली.

पुस्तकाची पाच पानं झालीत. पाचही वाईट. "निसर्गाच्या रौद्र कुशीत मूठभर ध्येयवेड्यांनी..." हे मी लिहिलंय. मी!

१६ जून

परत वर आलेय. आत्याचा गुडघा "अजून बोलतो" म्हणे. डॉक्टरांनी चढायला मनाई केलीये. दुमेंगकाका म्हणाले, "पुस्तकासाठी तसंही तुला वरच बसायचंय ना? मग बसता बसता चामाना उघड."

बसता बसता! आज सहाशे मीटर काळा पाईप खांद्यावर वाहिला. वरच्या बर्फाच्या पट्ट्याखालून ओढा निघतो, तिथून पाईप टाकत टाकत स्वयंपाकघरापर्यंत आणायचा. हिवाळ्यात बर्फ वितळवतो, उन्हाळ्यात हा पाईप. आत्या फोनवर पायरी-पायरीनं सांगत होती. "दुसऱ्या वळणावर एक दगड आहे बघ, गाईच्या पाठीसारखा."

"सगळेच गाईच्या पाठीसारखे आहेत आत्या."

"गाय बघितलीयेस ना कधी? नीट बघ."

सापडला. खरंच एकच तसा होता.

नळाला पाणी आलं तेव्हा मी एकटीच ओरडले. खालच्या बिळातला मार्मोट, म्हणजे आमच्याकडची गुबगुबीत डोंगरी खार, शिट्टी मारून पळाला.

१८ जून

अक्कल गहाण ठेवली होती काल.

झोपताना नळ बंद केला. थेंब थेंब चालू होता, म्हटलं, पाणी वाया कशाला घालवायचं, जग कोरडं पडतंय. आकाश निरभ्र होतं, म्हणजे रात्री कडाक्याची थंडी. सकाळी पाईप सहाशे मीटर लांब बर्फाची काठी झाला होता. वाहतं पाणी गोठत नाही, थांबलेलं गोठतं. हे आमच्या खोऱ्यात तीन वर्षांच्या पोराला कळतं, पण तीन वर्षांचं पोर कॉलेजात गेलेलं नसतं.

आत्या इतकी हसली की फोन बाजूला ठेवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "एक्याण्णव साली मी काय केलं होतं माहितीये का?"

"काय?"

"तेच. जा, ऊन येईपर्यंत पुस्तक लिही."

१९ जून

पहिले चालणारे आले. बेल्जियमचे चौघं. तिघांना फोड आलेत, एकाला अभिमान.

३ जुलै

वह्या वाचतेय. चामानेच्या वहीत प्रत्येकानं नाव, गाव, तारीख आणि पुढे कुठे जाणार ते लिहायचं. कुणी हरवलं तर शोधायला तेवढाच आधार. त्यापुढे एक रकाना असतो, शेरा. इतिहास सगळा शेऱ्यात आहे.

१९३४, फेब्रुवारी, दोघे स्कीवाले: "धुक्यात दोन तास चामानेभोवतीच गोल फिरलो. सूपच्या वासानं सापडली."

१९४३, शिपाई: "शत्रू दिसला नाही. पिसवा भरपूर."

१९६८, नवं जोडपं, मधुचंद्र: "खोली प्रशस्त आहे. त्यात आम्ही धरून अठ्ठेचाळीस माणसं."

आणि चूल. स्वयंपाकघरातली ही लोखंडी चूल याखन नावाच्या गाइडनं एकट्यानं पाठीवर आणली, हे खोऱ्यातलं प्रत्येक पोर ऐकत मोठं होतं. मी कागद काढले. १९२२च्या टिपणात चूल साठ किलोची आहे. पंचविसाव्या वाढदिवसाच्या पत्रकात ऐंशी. पन्नासाव्याला शहाण्णव. या वेगानं या वर्षी सव्वाशे भरायला हवी. चूल तीच, वजन आदराचं.

हे वाचून दुमेंगकाका गंभीर झाले. "हे छापणार तू?"

"का नको?"

"याखनचा नातू मंडळात खजिनदार आहे." मग, "छाप. पण त्याच्या तोंडासमोर मी हसणार नाही, आधीच सांगतो."

पहिली पाच पानं चुलीत घातली. पेटायला मदत झाली.

१६ जुलै

चाळीस माणसं. चौदा वेळा "टॉयलेट कुठे?" असं उत्तर दिलं. म्हणजे प्रश्न त्यांचा होता, माझं उत्तरही तेच झालं, एवढी दमले होते.

दुमेंगकाका म्हणाले, काल आत्याला वरच्या कुरणात विळा मारताना पाहिलं. त्या कुरणाचा उतार असा आहे की शेळ्यासुद्धा विचार करतात. डॉक्टरांनी गुडघ्याला व्यायाम सांगितला असेल. बरं आहे, लवकर सुधारेल.

फोनवर विचारलं तर म्हणाली, "हो गं, हळूहळू चाललंय. बसून असते." बिचारी.

२३ जुलै

उमेदवार आले. रोलांद आणि मिर्याम, आरगाऊचे, तिशीतले, सपाट मुलखातले पण चढतात छान. चामाना चालवायला घ्यायची इच्छा आहे. दुमेंगकाकांनी त्यांना नेमकं आजच पाठवलं. आज शनिवार, अठ्ठेचाळीस गाद्यांना त्रेपन्न माणसं, दुपारपासून धुकं. मी म्हटलं, काका, मधल्या वारी पाठवायचं होतं ना, शांतपणे बघितलं असतं त्यांनी. म्हणे, "अरे हो की. सुचलंच नाही." वय झालंय त्यांचं.

माणसं चांगली आहेत. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना मी दुष्ट वाटणार नाही.

रोलांदनं पांघरुणं घातली. पांघरुणाच्या एका टोकाला "पाय" असं लाल दोऱ्यानं शिवलंय, ते टोक पायाकडेच यायला हवं. नाहीतर आजचे कुणाचे तरी पाय म्हणजे उद्या कुणाचं तरी नाक. त्यानं निम्मी उलटी घातली. तो जेवत असताना मी गेले आणि सगळी फिरवली.

मिर्यामनं विचारलं, "सकाळचा चहा फुकट का?"

"फुकटच असतो."

"पण का?"

आईला "जेवायला का वाढतेस" असं कुणी विचारावं तसं झालं. म्हटलं, "कारण ते पुढे जाणार असतात."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. मला उगाच राग आला.

रोलांद म्हणाला, "इथे बाहेर एक लाकडी सॉना छान दिसेल."

"पाणी?"

"पंप बसवू."

"वीज?"

"आणखी सौरपट्ट्या."

"बरं," मी म्हटलं. माझं "बरं" ऐकून शेजारच्या टेबलावरचा गाइड सूप पिता पिता ठसकला.

मला काय करायचंय म्हणा. मी ऑक्टोबरात नाहीये इथे. त्यांना चामाना मिळाली तर ती जगेल. मी त्यांना सगळं नीट दाखवलं. म्हणजे जवळजवळ सगळं. गाईच्या पाठीसारखा दगड दाखवायचा राहिला.

८ ऑगस्ट

वरचा बर्फाचा पट्टा गेला. एवढ्या लवकर कधीच जात नाही. पाईपमध्ये करंगळीएवढी धार.

९ ऑगस्ट

अर्धी करंगळी. हात धुवायला एक घमेलं सगळ्यांत मिळून. एका जर्मन बाईनं विचारलं, शॉवर? मी तिला खिडकीतून ग्लेशियर दाखवलं. म्हणजे, ते जिथे असायचं ती जागा.

१० ऑगस्ट

ओढा थांबला. टाकीत तीन दिवसांचं पाणी आहे. ते संपलं की चामाना बंद करावी लागेल, आणि शताब्दीच्या वर्षी ऑगस्टात पाण्यावाचून बंद पडलेली चामाना कोण चालवायला घेणार? मंडळाला कुलूप लावायला याहून चांगलं कारण मिळणार नाही. रोलांदला तर मीच सांगेन, नको घेऊस.

दुमेंगकाकांना फोन केला. "हेलिकॉप्टरनं पाणी आणायचं म्हणजे..." एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. पोस्टमनला वाईट बातमी पूर्ण सांगायची सवय नसते, लिफाफा दिला की काम झालं.

बुकिंग केलेल्यांना फोन करून "येऊ नका" म्हणायचं होतं. यादी पुढ्यात घेतली. पहिलं नाव, सत्तरीतल्या दोघी बहिणी, दरवर्षी येतात. आत्यानं समोर लिहिलंय: "खिडकीशेजारच्या गाद्या, धाकटी घोरते." फोन लावलाच नाही.

११ ऑगस्ट

एकच गोष्ट येते मला. कागद वाचणं.

म्हटलं, असा कोरडा उन्हाळा आधी कधी पडला असेल? १९४७. वही काढली. त्या वेळी नेइसा नावाची बाई चामानावाली होती. मंडळाच्या कुठल्याच पत्रकात तिचं नाव नाही, तिथे नवऱ्याचं आहे. पण तो जुलै-ऑगस्टात गाइड म्हणून शिखरांवर असायचा, इथे हीच. वहीच्या समासात ती रोज शिसपेन्सिलीनं हवामान लिहायची. इतकं बारीक की मी ते अख्ख्या उन्हाळ्यात डाग समजत होते.

"६ ऑगस्ट. ऊन. ओढा बारीक."

"१४ ऑगस्ट. ऊन. ओढा मेला. गाढव खाली पाठवलं पाण्याला."

"१५ ऑगस्ट. गाढव नाराज."

"१७ ऑगस्ट. पूर्वेच्या दगडरानाखाली पाणी आहे. दिसत नाही. पहाटे वारा पडतो तेव्हा दगडावर कान ठेवावा. सर्वात खालच्या काठापासून वर वर जावं."

पुढे काही नाही. १८ ऑगस्टला नुसतं "ऊन. धुणं धुतलं."

धुणं धुतलं! म्हणजे सापडलं!

१२ ऑगस्ट

हे लिहिताना अजून कान गार आहेत.

पहाटे पाचला चहा भरता भरता मी लोकांना सांगितलं, की आज चहा शेवटचा असू शकतो, आणि का ते. वाटलं, पटापट निघतील. कुणी निघालंच नाही. चौदा जण होते. सगळे माझ्यामागे दगडरानात आले.

चौदा माणसं, रंगीबेरंगी जाकिटं घालून, दगडांवर पालथी पडून, गाल दगडाला लावून, श्वास रोखून. कुणी वरून पाहिलं असतं तर रेस्क्यूला फोन केला असता.

"मला ऐकू येतंय!"

"ते तुझं पोट आहे, मार्टिन."

एक बाई होत्या, बाझलच्या, साठीच्या, पियानो सुरात लावायचं काम करतात. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले, आणि एका दगडावरून दुसऱ्यावर रांगत गेल्या, पेशंट तपासावेत तसं. वीसेक मिनिटांनी हात वर केला.

"इथे. उथळ आहे. हातभर खाली असेल."

"नक्की?"

"बाळ, मी चाळीस वर्षं हेच ऐकतेय, काय बिघडलंय आणि कुठे."

दगड काढायला दोन तास लागले. खाली दगडांच्या पोटात बर्फ होता, काळपट, जुना, आणि त्याच्याखालून पाणी येत होतं. मनगटाएवढं. इतकं गार की पहिला घोट घेतला आणि कपाळ दुखलं. आणि बाजूला, काठावर, कुणीतरी हातानं रचलेले चपटे दगड. छोटं कुंड. पंचाहत्तर वर्षांत ढळलं नव्हतं.

सगळे ओंजळीनं प्यायले. मग मार्टिन म्हणाला, "चला, पाईप आणूया?" आणि ते चौदा जण, सुट्टीवर आलेले, ज्यांना आज खिंड ओलांडून पलीकडे जायचं होतं, दुपारपर्यंत पाईप ओढत राहिले.

मी मॅलून्स केले सगळ्यांना, बटाटे किसून, लोणी हात न आखडता. करपले नाहीत.

१३ ऑगस्ट

आत्याचा फोन. मी "हॅलो" म्हणायच्या आत: "काय गं, नेइसाचं पाणी सापडलं का?"

"तुला माहीत होतं?"

"अगं, सगळ्याच चामानावाल्यांना माहीत असतं. दोन हजार तीन साली मीही तेच प्यायले."

"मग सांगितलं का नाहीस? मी तीन दिवस इथे..."

"मला वाटलं, तुझ्या इतिहासात असेल."

"आत्या!"

"होतं ना पण? मग."

फोन ठेवल्यावर खूप चिडायचं ठरवलं होतं. पण नळ चालू होता, त्याचा आवाज छान येत होता.

(तिला कुणी सांगितलं असेल पाणी गेल्याचं? दुमेंगकाकाच. ते तर मला म्हणाले होते, बार्ब्लाला उगाच काळजी नको लावायला.)

२७ ऑगस्ट

पुस्तक सुसाट. ध्येयवेडे गेले, नेइसा आली. गाढवही आहे. पिसवांना एक परिच्छेद. पण शताब्दीला तयार होणार नाही, छापखाना आधी दहा दिवस मागतो. दुमेंगकाकांना घाबरत घाबरत सांगितलं. म्हणाले, "उत्तम."

"उत्तम? शताब्दीचं पुस्तक शताब्दीनंतर?"

"घाई केली की परत छापावं लागतं." काय बोलतात कळत नाही कधी कधी.

झ्युरिकहून पत्र आलंय. पहिल्या दिवशी साडेआठला, तळमजला, ओळखपत्रासाठी फोटो आणावा. खोलीला खिडकी नाही, दप्तराला उजेड चालत नाही म्हणून. बरोबरच आहे.

१० सप्टेंबर

सगळं लिहायला हवं. हात दुखतोय, बावन्न अक्रोड टार्ट कापल्यामुळे.

ऐंशी माणसं आली. बँड आला, पाच जण, ट्यूबावाला शेवटी, तासाभरानं, ते भलंमोठं पितळी वाद्य पाठीवर घेऊन. आणि आत्या. पाठीवर गोणभर बटाटे घेऊन, वाटांच्या पुस्तकात चढाईला दिलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं कमी घेऊन. मी गुडघ्याकडे बघितलं. ती आभाळाकडे.

"आत्या, गुडघा?"

"वर आलं की बरा असतो."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून," असं म्हणून ती बटाटे घेऊन आत गेली. तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी कळायला लागलं. अजून पूर्ण कळलंय असं नाही.

जेवणानंतर अंगणात सभा. दुमेंगकाका बाकावर उभे राहिले. "विषय एक. चामाना पुढे कोण चालवणार. अर्ज एक आलाय, रोलांद आणि मिर्याम. कुणाला काही विचारायचंय?"

मी हात वर केला. खरं सांगते, फक्त मदत म्हणून. त्यांना पुढे त्रास नको म्हणून.

"नेइसाच्या पाण्याला कायमचा वेगळा पाईप टाकायचा तर आणखी साडेतीनशे मीटर लागेल," मी म्हटलं, "तो जूनच्या हेलिकॉप्टरमध्ये चढवायला हवा, म्हणजे एप्रिलमध्ये सांगायला हवं. कुंडावर झाकण हवं, लाकडी नको, मार्मोट कुरतडतात. पश्चिमेच्या खिडकीची बिजागरी या हिवाळ्यात टिकणार नाही. पांघरुणांची नवी टोकं शिवायला हवीत, 'पाय' पुसट झालंय. त्या दोघी बहिणी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येतात, त्यांना खिडकी. आणि चहा," इथे माझा आवाज चढला असावा, "चहा विकायचा नाही. कधीच."

ट्यूबावाल्यानं पाणी काढायला वाद्य उलटं केलं.

मिर्याम उभी राहिली. "आम्ही अर्ज मागे घ्यायलाच आलोय," ती म्हणाली. "जुलैमध्ये रोलांदनं पांघरुणं घातली होती. आम्ही जेवत होतो, आणि ही वर जाऊन एकेक उलटून परत घालत होती. जिन्यातून दिसत होतं. मी याला तेव्हाच म्हटलं, चल, दुसरी चामाना शोधू. या चामानेला आधीच माणूस आहे."

लोक हसले. माझे कान तापले.

"पण मी अर्ज केलेला नाही," मी म्हटलं.

"नाही," दुमेंगकाका म्हणाले. "आत्ता काय करत होतीस मग?"

"मी फक्त काय काय करावं लागेल ते सांगत होते."

"यालाच अर्ज म्हणतात. मी तीन पानी अर्ज वाचलेत, एकातही बिजागरी नव्हती."

"मला झ्युरिकला नोकरी आहे."

"कशी आहे?"

मी सांगायला लागले. गरम खोली, लिफ्ट... आणि समोर बघितलं. ऊन होतं. आत्या दारात उभी राहून बटाटे सोलत होती, माझ्याकडे बघत नव्हती, आणि साल एकसंध काढण्याच्या नादात असल्यासारखं करत होती. आत्या साल कधीच एकसंध काढत नाही. तिचे हात थांबले होते.

तिनं मला एकदाही विचारलं नव्हतं. मार्चपासून एकदाही नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं आणि त्याच आठवड्यात खाली गेले असते. हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.

"विचार करायला वेळ हवा," मी म्हटलं.

"घे की. तोवर सांग, जूनमध्ये पाणी कधी सोडायचं?"

"बर्फावर आहे. पंधराच्या आधी नाही. आणि रात्री नळ बंद करायचा नाही."

दुमेंगकाका वहीत लिहीत होते. "झालं," म्हणाले आणि वही मिटली. "ठराव मंजूर. विरोध?"

याखनच्या नातवानं हात वर केला. मला वाटलं, संपलं, चुलीच्या वजनाचं याच्या कानावर गेलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "विरोध नाही. आणखी टार्ट आहे का?"

११ सप्टेंबर

विचार केला.

झ्युरिकला पत्र लिहिलं. चार ओळी. फोटो परत पाठवू नका असंही लिहिलं. मग आठवलं, फोटो मी पाठवलाच नव्हता.

आत्या राहिली आज. भांडी घासताना म्हणाली, "रागावलीस?"

"हो."

"किती?"

"चुलीएवढी."

"साठ किलो की शहाण्णव?"

५ ऑक्टोबर

बर्फाची पहिली चादर. पाईपमधलं पाणी काढलं, गुंडाळला. हिवाळ्याच्या खोलीत लाकडं रचली, काड्यापेटी मेणकागदात, दार नुसतं लोटलेलं. आता मार्चमध्ये स्कीवाल्यांसाठी उघडायचं. सूपसाठी बार्ली आधीच वर ठेवलीये.

दुपारी छापखान्याचा फोन. खूर शहरातल्या छापखान्यातला पेदर, फार काटेकोर माणूस. शेवटच्या पानावरच्या यादीत अडला होता. शंभर वर्षांतल्या सगळ्या चामानावाल्यांची यादी, नाव आणि कधीपासून कधीपर्यंत. नवरे काढले, ज्यांनी खरंच चालवली ती माणसं ठेवली. सात नावं होती. शेवटचं बार्ब्ला, १९९१–२०२२. काल रात्री मी त्याखाली आठवं टाकून पाठवलं होतं.

"तुमच्या नावापुढे २०२२ आहे, मग रेघ आहे, आणि रेघेपुढे काहीच नाही," पेदर म्हणाला. "राहिलंय का?"

"नाही."

"मग काय टाकू?"

"काही नको. रेघ तेवढी ठेवा."

"अर्धवट दिसेल हो ते."

"दिसू दे," मी म्हटलं.